स्टॅशच्या पानावरचा ‘ऑल’

गुरुवारची दुपार, पावणेचारचा सुमार. बाणेरच्या ऑफिसात एसी नको तितका गार आणि बाहेर पावसाने रस्त्याचं तळं केलेलं. कराडकर येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. हे तिचं आडनाव नव्हे. ती कराडहून आली, कॅम्पसमधून लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं हे नाव पडलं.

“सर, स्टॅशमध्ये माझ्या फाइली दिसत नाहीयेत.”

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, “स्टॅश लिस्ट बघितलीस का? दोन असतील. वरचाच बघत असशील.”

“एकच आहे. जुन्या दोन फाइलींतले बदल आहेत त्यात. नव्या तीन फाइली नाहीत.”

“मग फोल्डरमध्येच असतील की.”

“नाहीयेत. मी क्लीन मारलं.”

तेव्हा कुठे मी खुर्ची फिरवली.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन, आणि स्टॅश ही त्यातली अर्धवट बदल बाजूला ठेवायची कमांड. कमांड मी इथे देवनागरीतच लिहिणार आहे. आम्ही दिवसभर बोलतो तेही असंच. “स्टॅश मार, पुल घे, कॉन्फ्लिक्ट आला तर मला हाक मार.” गिटच्या कमांडची मूळ स्पेलिंगं ज्याला हवीत त्याला ती माहीतच असतात, आणि ज्याला माहीत नाहीत त्याला या गोष्टीत त्यांची गरज पडणार नाही.

तर झालं होतं असं. कराडकर दीड दिवस पावत्यांच्या एका नव्या रिपोर्टवर बसली होती. दोन जुन्या फाइलींत थोडे बदल आणि तीन कोऱ्या करकरीत नव्या फाइली. मध्येच मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, एक तातडीचं काम आलं. हातातलं अर्धवट ठेवून तिकडे जायचं होतं. मुलगी शहाणी. कुणाला विचारत बसण्यापेक्षा तिने टीमची हँडबुक उघडली, कारण पहिल्या दिवशी मीच तिला बजावलं होतं, “आधी हँडबुक बघायची, मग मला विचारायचं.” त्यात ‘काम अर्धवट ठेवून दुसऱ्या ब्रँचवर जाणे’ असं एक पान आहे. पानावर दोन पायऱ्या. पहिली, गिट स्टॅश. समोर इंग्रजीत लिहिलेलं, ‘सेव्हज ऑल युवर चेंजेस’. दुसरी, गिट क्लीन, पुढे डॅश एफडी. समोर, ‘रिमूव्हज एनी लेफ्टओव्हर फाइल्स’.

तिने पहिली पायरी केली. गिट स्टेटस बघितलं. त्यात तिच्या तीन फाइली ‘अनट्रॅक्ड’, म्हणजे गिटने नोंद न घेतलेल्या, म्हणून लाल अक्षरांत दिसत होत्या. आता तिच्या जागी बसून विचार करा. पान म्हणतंय सगळे बदल सेव्ह झाले. म्हणजे या ज्या तीन अजून दिसताहेत त्या मागे राहिलेल्या प्रती असणार. आणि पुढचीच पायरी सांगतेय की मागे राहिलेलं काढून टाका. तिने काढून टाकलं. पानावर होतं ते तिने अक्षरशः केलं आणि दीड दिवसाचं काम गेलं.

गिट क्लीन फाइली रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, थेट उडवतो. आणि ज्या फाइलीवर एकदाही गिट ॲड (गिटकडे फाइल नोंदवायची कमांड) झालेलं नाही, तिचा मजकूर गिटच्या कोठारात कधी गेलेलाच नसतो. एकदा जरी ॲड केलं असतं तर मजकूर आत शिरला असता, आणि नंतर फाइल उडाली तरी गिट एफएससीके चालवून तो धुंडाळता आला असता. इथे धुंडाळायला काहीच नव्हतं. रीफ्लॉग बघा, अमुक बघा, असं सांगणारे दोघं-तिघं गोळा झाले, पण रीफ्लॉगमध्ये कमिटांचा, म्हणजे गिटमध्ये पक्क्या नोंदवलेल्या बदलांचा, माग असतो. कमिटच नाही तर माग कशाचा?

शेवटी व्हीएस कोड कामी आला. २०२२ पासून त्यात लोकल हिस्टरी आहे. तुम्ही फाइल सेव्ह कराल तेव्हा तो आपल्या कोपऱ्यात एक प्रत ठेवतो, आणि फाइल डिलीट झाली तरी ती प्रत शोधून काढता येते. गिटचा याच्याशी काही संबंध नाही. त्यातून दोन फाइली परत मिळाल्या. तिसरी तिने टर्मिनलमधूनच एका स्क्रिप्टचं आउटपुट वळवून तयार केली होती, एडिटरमध्ये कधी उघडलीच नव्हती. ती गेली ती गेलीच. कराडकरने रात्री साडेआठपर्यंत बसून ती पुन्हा उभी केली. काही बोलली नाही. मलाच कसंतरी झालं, म्हणून मी वडापाव मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हँडबुक उघडली. असलं वाक्य कुणी लिहिलं ते बघायचं होतं. आमची हँडबुकही गिटमध्येच असते, त्यामुळे गिट ब्लेम मारलं. प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव येतं. दोन्ही पायऱ्यांसमोर माझंच नाव होतं. तीन वर्षांपूर्वीचं. कमिटचा मेसेज होता, ‘स्टॅशचं पान सोपं केलं’.

सोपं केलं!

मी हे का लिहिलं असेल याचा छडा लावायला गिटचं मूळ मॅन्युअल काढलं. त्यातलं स्टॅशचं पान काही खोटं बोलत नाही. वर्णनात म्हटलंय की ही कमांड तुमचे ‘लोकल मॉडिफिकेशन्स’ बाजूला ठेवते आणि वर्किंग डिरेक्टरी हेड, म्हणजे शेवटच्या, कमिटशी जुळेल अशी पूर्ववत करते. ‘ऑल’ हा शब्द तिथे नाही. खाली -यू या ऑप्शनसमोर मात्र आहे. -यू दिलं तर सगळ्या अनट्रॅक्ड फाइलीही स्टॅश होतात आणि मग गिट क्लीनने साफ केल्या जातात, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. हे वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षांपूर्वी मी हेच वाक्य वाचलं असणार. त्यातला ‘ऑल’ उचलला, ‘क्लीन’ उचलला, त्यांच्या दोन सुटसुटीत पायऱ्या केल्या, आणि ज्या -यू मुळे ते वाक्य खरं होतं तेवढा वाटेत सांडला. मूळ वाक्यात गिट आधी फाइल आत घेतो आणि मग बाहेरची प्रत काढतो. माझ्या पानावर आत घेणं गेलं, काढणं तेवढं उरलं.

आणखी एक पाप होतंच. गिट क्लीन नुसता चालवला तर तो नकार देतो, -एफ म्हणजे फोर्स दिल्याशिवाय हात लावत नाही. ज्यांनी गिट लिहिला त्यांनी दाराला कुलूप लावलं होतं, आणि मी पानावर किल्ली छापून ठेवली.

मग पान दुरुस्त करायला घेतलं. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. गेले पाच आठवडे.

पहिला मसुदा मी त्याच दिवशी, अपराधी मनाने लिहिला, आणि तसाच तो झाला. वर लाल चौकट, आत ‘सावधान’, त्याखाली चार इशारे, त्याखाली अनट्रॅक्ड म्हणजे काय याच्यावर एक परिच्छेद, इंडेक्स म्हणजे काय याच्यावर दुसरा. आमच्या टेस्टिंगमधल्या एका मित्राला वाचायला दिला. त्याने माऊसचं चाक फिरवत फिरवत थेट खालचा कमांडचा चौकोन गाठला, कमांड कॉपी केली, पेस्ट केली. लाल चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. “ते वाचलं का?” म्हटलं तर म्हणाला, “ते जनरल असतं रे.” आपण कर्वे रोडवरच्या ‘येथे वाहने लावू नयेत’कडे बघतो तसा तो माझ्या इशाऱ्याकडे बघत होता, म्हणजे बघतच नव्हता.

त्याच्यामुळे मला तपासायची रीत सापडली. ‘कळलं का?’ असं विचारायचंच नाही. या प्रश्नाला पुण्यात कुणीही ‘हो’च म्हणतं. त्याऐवजी मी एक खोटा रेपो, म्हणजे गिट चालू असलेला प्रोजेक्टचा फोल्डर, बनवला. त्यात दोन बदललेल्या फाइली, दोन नव्या, आणि गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, टाकलेली पासवर्डची एक एन्व्ह फाइल. माणसाला पान वाचायला द्यायचं, कमांड टाइप करू द्यायची, आणि एंटर मारायच्या आधी थांबवायचं. पाठकोऱ्या कागदावर पाचही फाइलींची नावं लिहिलेली. प्रत्येकीपुढे लिहायचं की एंटरनंतर ही कुठे असेल. फोल्डरमध्ये, स्टॅशमध्ये की कुठेच नाही. मग एंटर. मग कागद आणि स्क्रीन शेजारी शेजारी.

पाच जणांवर हा प्रयोग केला. जुन्या पानावर एकाचाही कागद स्क्रीनशी जुळला नाही, आणि त्यातला एक जण आठ वर्षं गिट वापरतोय. माझ्या नव्या लाल चौकटीच्या पानावर एकाचा जुळला. तो मुळातच सावकाश वाचणारा आहे, त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

या सगळ्यात मला एक गंमत दिसली. कराडकरला गुरुवारी झाला प्रकार समजावून सांगताना मी काय म्हणालो होतो? “अगं, ज्या फाइली गिटला आधीपासून माहीत आहेत त्यांच्यातले बदल तो उचलतो. तुझ्या नव्या फाइलींशी त्याचं काही देणंघेणं नाही.” एका दमात, अगदी बरोबर. तेच लिहायला बसलो तेव्हा इंग्रजीत ‘सेव्हज ऑल युवर चेंजेस’ असं गुळगुळीत वाक्य आलं होतं. बोलताना समोर माणूस असतो, त्याच्या कपाळावरची आठी दिसते, म्हणून आपण ‘ज्या-त्या’ करत नेमकं सांगतो. लिहिताना मला गिटच्या पानासारखं दिसायचं होतं.

म्हणून ठरवलं की आधी मराठीत लिहायचं, कराडकरला सांगतोय असं समजून. मग त्याचं इंग्रजी करायचं. टीममध्ये एक कोचीचा आहे, एक लखनौची आहे, त्यामुळे हँडबुक इंग्रजीतच ठेवावी लागते.

मराठीत लिहायला घेतलं की शब्दांचे दात दिसायला लागतात. ‘सेव्ह’ला काय म्हणणार? ‘जतन करतो’ म्हटलं तर फाइल जागच्या जागी राहून सुरक्षित झाली असं वाटतं, आणि स्टॅश तर ती उचलून नेतो. तुमच्या फोल्डरमधून ते बदल नाहीसे होतात. पहिल्यांदा स्टॅश मारणारा माणूस नेमका तिथेच दचकतो. ‘बाजूला ठेवतो’ बरं. आई दिवाळीच्या आधी सामान माळ्यावर टाकते तसं. खोली मोकळी, वस्तू शाबूत, आणि सगळ्यात शेवटी टाकलेलं पोतं आधी हाताला लागतं. स्टॅशचंही तसंच, शेवटचा तो शून्य क्रमांकाचा.

मग ‘क्लीन’. हा शब्द तर दुतोंडी निघाला. स्टेटस जेव्हा ‘वर्किंग ट्री क्लीन’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, शेवटच्या कमिटपेक्षा वेगळं काही नाही. ही एक अवस्था झाली. आणि गिट क्लीन ही कमांड म्हणजे फाइली पुसून टाकणं. एक आरसा स्वच्छ असण्यातला क्लीन, दुसरा ताट साफ करण्यातला. माझ्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी. कराडकरला नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं क्लीन म्हणजे स्टेटस क्लीन करणं.” बरोबर आहे तिचं. दुसरं काय वाटणार?

आणि ‘अनट्रॅक्ड’. मी मराठी मसुद्यात याला सरळ ‘नव्या फाइली’ लिहिलं. सोपं, सगळ्यांना कळणारं. पीआर, म्हणजे बदल तपासून घ्यायची विनंती, टाकला, आणि कोचीवाल्याने दहा मिनिटांत त्याच शब्दावर बोट ठेवलं. त्याने लिहिलं, मी नवी फाइल बनवली आणि तिच्यावर गिट ॲड मारलं, कमिट केलं नाही, तर ती नवीच आहे ना? पण ती स्टॅशमध्ये जाते. मी खोट्या रेपोत करून बघितलं. खरंच जाते. कारण ॲड केल्या क्षणी ती इंडेक्समध्ये गेली, गिटच्या लेखी ती नोंदली गेली. म्हणजे ‘नव्या’ हाही ‘ऑल’चाच धाकटा भाऊ. सोपा म्हणून घेतलेला आणि एका कोपऱ्यात खोटा. फाइल किती जुनी हा मुद्दाच नाही. रेशनकार्डावर नाव चढलंय की नाही, एवढंच गिट बघतो. वीस वर्षं घरात राहणाऱ्या माणसाचं नाव नसेल तर त्याचं धान्य येत नाही, आणि परवा जन्मलेल्या बाळाचं चढवलं असेल तर येतं.

शेवटी लिहिलं, ‘ज्या फाइलींवर कधीच गिट ॲड झालेलं नाही’. लांब आहे, कानाला ओबडधोबड लागतं, पण वाचणाऱ्याला स्वतःशी ताडून बघता येतं. ‘मी यावर ॲड मारलं होतं का?’ याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. ‘ही अनट्रॅक्ड आहे का?’ याचं उत्तर नवशिक्याकडे नसतं.

हा मराठी मसुदा मी रविवारी घरी प्रिंट काढून बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबा तीसेक वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. गिट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. त्यांनी ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली, पहिल्या ओळीखाली धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायला लागले. तीन ओळींचा मजकूर, त्यांना पाच मिनिटं लागली. मजकूर असा होता: ‘स्टॅश नोंदलेल्या फाइलींतले बदल बाजूला ठेवतो. बाकीच्या फाइली तशाच राहतात. नको असतील तर क्लीन त्या काढून टाकतो.’

पट्टी तिसऱ्या ओळीखाली थांबली.

“त्या म्हणजे कोणत्या?”

“बाकीच्या.”

“कशावरून? नोंदलेल्या फाइली स्त्रीलिंगी अनेकवचन, बाकीच्याही स्त्रीलिंगी अनेकवचन. ‘त्या’ दोघींनाही लागू पडतं. आणि ‘नको असतील तर’, कुणाला नको? त्या स्टॅशला की मला?”

मी गप्प. त्यांनी समासात बारीक पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

सोमवारी मी ती तिसरी ओळ दुरुस्त करायला बसलो. ‘त्या’ऐवजी पूर्ण नाव लिहून बघितलं, वाक्य फिरवून बघितलं, आणि तासाभराने पहिल्यांदाच असा प्रश्न पडला की ही पायरी इथे आहेच कशाला? दुसऱ्या ब्रँचवर जायला क्लीनची गरज काय? अनट्रॅक्ड फाइली असल्या तरी ब्रँच बदलता येते, त्या आपल्या तशाच फोल्डरमध्ये पडून राहतात. पलीकडच्या ब्रँचवर त्याच नावाची फाइल असेल तर गिट अडून बसतो, म्हणतो तुझी फाइल पुसली जाईल, आधी ती हलव. म्हणजे तो सांभाळूनच घेतो. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या प्रोजेक्टचा बिल्ड फोल्डरमधली प्रत्येक फाइल उचलायचा, त्यामुळे सांडलेल्या फाइलींनी तो फुटायचा. म्हणून मी क्लीन घातला होता. तो प्रोजेक्ट बंद होऊनही दोन वर्षं झाली. पायरी तेवढी पानावर राहिली होती.

दुसरी पायरी काढून टाकली. पूर्ण. क्लीनला वेगळं पान दिलं, आणि तिथे पहिली कमांड -एन लावून, म्हणजे काय काय उडेल त्याची नुसती यादी दाखवणारी. -एफ त्याच्या खाली.

स्टॅशच्या पानावर आता एवढंच राहिलं: ‘ज्या फाइली गिटकडे नोंदलेल्या आहेत त्यांतले कमिट न झालेले बदल गिट स्टॅश उचलून बाजूला ठेवतो. ज्या फाइलींवर कधीच गिट ॲड झालेलं नाही त्या फोल्डरमध्येच राहतात, स्टॅशमध्ये जात नाहीत. त्याही बाजूला ठेवायच्या असतील तर -यू लावा.’ इंग्रजी याच्यावरून केलं, आणि ते इंग्रजी जरा रांगडं आहे. असू दे.

पाठकोरे कागद पुन्हा काढले. माणसं नवी घ्यावी लागली, कारण जुन्यांना आता उत्तर पाठ होतं. शेजारच्या टीममधले चौघे. तिघांचे कागद जुळले. चौथ्याने एन्व्ह फाइलीपुढे लिहिलं होतं ‘-यू दिलं की स्टॅशमध्ये’. जात नाही. इग्नोर केलेल्या फाइली -यू उचलत नाही, त्याला -ए म्हणजे ऑल लागतं. (हा ‘ऑल’ मात्र प्रामाणिक आहे, खरंच सगळं नेतो.) हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घोळ घातला. लिहिलं तर वाक्य वाढतं, आणि वाढलं की टेस्टिंगवाला मित्र चाक फिरवतो. तेवढ्यात त्या चौथ्याने स्वतःच -ए लावून बघितलं, तेही खऱ्या प्रोजेक्टवर. स्टॅशने नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा, आख्खा फोल्डर उचलला. पंखा भिरभिरायला लागला, आम्ही खाली अमृततुल्यला चहा पिऊन आलो तरी तो चालूच होता. मग मी एक ओळ वाढवली, ‘इग्नोर केलेल्या फाइली -यू उचलत नाही, आणि सहसा त्या उचलायच्याही नसतात.’ -ए चं नावच घेतलं नाही.

पीआरवर सगळ्यात लांब वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झाला. आमच्या एका सीनियरचं म्हणणं, हे पान हवंच कशाला? मूळ मॅन्युअलची लिंक द्यावी, ज्याला कळत नाही त्याने ते वाचावं. या माणसाबद्दल मला आदर आहे, पण हे म्हणणं मला पटत नाही. मॅन्युअल आधी काय करायचं ते माहीत असलेल्यासाठी लिहिलेलं असतं. तिथे एकाच गोष्टीला इंडेक्स, स्टेजिंग एरिया आणि कॅश अशी तीन नावं सापडतात. डिफला, म्हणजे फरक दाखवणाऱ्या कमांडला, ‘कॅश्ड’ म्हणा नाहीतर ‘स्टेज्ड’, उत्तर एकच, पण ‘कॅश्ड’ आणि ‘इंडेक्स’ हे ऑप्शन मात्र वेगवेगळे. लिनस तोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतला तेव्हा तो लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्यांसाठी होता, कराडहून कॅम्पसमधून आलेल्यांसाठी नव्हता. स्टॅश २००७ चा, -यू आला २०११ मध्ये. मधली चार वर्षं अनट्रॅक्ड फाइली उचलायची सोयच नव्हती, आणि आजही ती मागितल्याशिवाय मिळत नाही. वाडा जसा खोल्या वाढवत वाढवत होतो तसं ते मॅन्युअल झालंय. त्यात राहणाऱ्याला जिना बरोबर सापडतो, पाहुणा मोरीत शिरतो.

तरी त्याच्या हट्टामुळे एक चांगलं झालं. मूळ मॅन्युअलमध्येच हे वाक्य सुधारता येईल का, म्हणून मी एका शनिवारी गिटचा सोर्स उतरवून घेतला. मॅन्युअलची पानं त्यातच डॉक्युमेंटेशन नावाच्या फोल्डरमध्ये ॲस्कीडॉकमध्ये लिहिलेली असतात. एक शब्द बदला, मेक चालवा, तुमचं वाक्य खऱ्या मॅन पेजमध्ये दिसतं. पॅच पाठवायचे नियम तिथेच आहेत आणि ते फार शहाणे आहेत. कमिटच्या पहिल्या ओळीत आधी कोणता भाग ते, मग कोलन, मग आज्ञार्थी वाक्य. खाली काय बदललं यापेक्षा का बदललं ते सांगा, आधी काय अडत होतं ते सांगा. शेवटी साइन्ड ऑफ बाय आणि आपलं नाव, म्हणजे हे द्यायचा मला हक्क आहे अशी सही. माझा ‘स्टॅशचं पान सोपं केलं’ हा मेसेज या चाळणीतून एक पाऊलही पुढे गेला नसता.

बदल लिहिला. वर्णनाच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य, अनट्रॅक्ड फाइलींना हात लागत नाही असं. मग त्या पानाची गिट लॉग वाचायला बसलो, आणि दुपार तिथेच गेली. -यू ने स्टॅश केलेल्या फाइली नुसत्या स्टॅश शोमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी तिथेही वेगळा ऑप्शन द्यावा लागतो, तो २०२१ मध्ये आला, असल्या गोष्टी कळल्या. म्हणजे कराडकरने -यू लावलं असतं तरी शो मारल्यावर ती धावत माझ्याकडेच आली असती. हेही आमच्या पानावर घातलं. मूळ मॅन्युअलसाठीचं माझं वाक्य अजून लॅपटॉपवर एका ब्रँचमध्ये आहे. कमिट मेसेज चार वेळा लिहून खोडला. ‘का’ हे माझ्या ऑफिसातल्या एका गुरुवारवरून सांगता येत नाही, आणि त्याच्याशिवाय सांगायचं म्हटलं की ते लिखाण पुन्हा गुळगुळीत होतं.

आमचा पीआर पाचव्या आठवड्यात मर्ज झाला. त्याआधी कराडकरनेही रिव्ह्यू केला. एकच सूचना केली, ‘-यू लावा’ हे वाक्य शेवटी आहे ते वर घ्या, कारण कमांड कॉपी करणारा शेवटपर्यंत येत नाही. मी म्हटलं, वर घेतलं तर कशासाठी लावायचं ते कळणार नाही. ती म्हणाली, मग चौकोनातल्या कमांडमध्येच -यू टाका, आणि खाली सांगा की ते का आहे. त्यावर मला उत्तर सुचलं नाही. चौकोनात -यू टाकलं.

मागच्या मंगळवारी ती पुन्हा खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“सर, रीसेट हार्डच्या पानावर पण ‘ऑल’ आहे. डिस्कार्ड्स ऑल चेंजेस. मी खोट्या रेपोत करून बघितलं, माझ्या ॲड न केलेल्या फाइली तशाच राहिल्या.”

“हं.”

“कुणी लिहिलंय, ब्लेम मारून बघू?”

“नको,” मी म्हटलं, “पीआर टाक.”